अनोळखी बाईचा आवाज

प्लोवदिव स्टेशनातल्या गाड्या नेवेनाच्या आवाजावर सुटत. काचेच्या खोलीत बसून फलाटांचे नंबर सांगता सांगता तिची अठरा वर्षं गेली होती आणि गावातले निम्मे लोक तिला चेहऱ्याऐवजी आवाजावरून ओळखत. त्यामुळे विद्यापीठातल्या मेंदूच्या अभ्यासासाठी मुलीबरोबर आईचा आवाजही हवाय म्हटल्यावर तिनं एका दमात रेकॉर्डिंग करून दिलं. काही अर्थ नसलेले तीन शब्द म्हणायचे होते, एवढंच.

तेव्हा तिची मुलगी रादिना अकरा वर्षांची होती. मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात पडून तिनं ते शब्द ऐकले आणि बाहेर येऊन आईच्या गळ्यातच पडली. आता साडेचौदाव्या वर्षी ती पुन्हा यंत्रात जाऊन आली होती. घरी मात्र तिच्याशी बोलायचं म्हणजे बंद दाराशी बोलायचं.

विद्यापीठातल्या पालकांच्या बैठकीत अभ्यास करणाऱ्या डॉक्टर वेसेलानं पडद्यावर दोन आलेख दाखवले. लहान मुलांनी आईचा आवाज ऐकला की मेंदूतल्या आनंदाच्या जागा उजळतात, असं ती सांगत होती. तेराव्या वर्षाच्या आसपास हे पालटतं. आईचा आवाज मुलं विसरत नाहीत, पण मेंदू जास्त रस घेतो तो अनोळखी आवाजात. पुढं घराबाहेरच्या माणसांत वावरायचं असतं, त्याची ही तयारी. हे चांगलं लक्षण आहे, असं ती हसून म्हणाली. शिवाय हे सगळ्या मुलांचं मिळून आहे, कुणा एकाचं नाही, हेही तिनं दोनदा बजावलं.

ते नेवेनाच्या कानात शिरलंच नाही. आपल्या पोरीच्या डोक्यात कुणी परकी बाई ठाण मांडून बसलीय, एवढंच तिला कळलं. त्या परकीचा आवाज कुणाचा, असं तिनं उभं राहून विचारलं. वेसेलानं नाव सांगितलं नाही. तीही एका दुसऱ्या मुलाची आईच, म्हणाली, आणि नमुना म्हणून एक रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. आवाज घोगरा होता आणि प्रत्येक 'स'ला शीळ वाजत होती. हिला तर मालगाडीची घोषणाही कुणी करू दिली नसती, असं नेवेनाच्या मनात आलं.

नंतर कॉफी घेताना तिच्या पाठीमागून तीच शीळ आली. साखर कुठं आहे, असं कुणीतरी विचारत होतं. हिरव्या कोटातली बुटकी बाई. गिंका नाव, चपलांच्या दुकानात कामाला, असं शेजारच्या एकीनं सांगितलं. नेवेना तिच्या मागोमाग बसथांब्यापर्यंत गेली. तिला नेमकं काय पाहायचं होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मैत्रिणींबरोबर बाहेर थांबलेली रादिना तिथं आली. बोचरा वारा सुटला होता. टोपी घाल म्हणून नेवेनानं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, आणि टोपी खिशातच होती.

"अगं, कान लाल झालेत की तुझे," गिंका म्हणाली. "टोपी नाही का?"

"आहे ना," म्हणत रादिनानं टोपी काढून घातली.

ही माझी मुलगी, असं नेवेनानं पुढं होऊन सांगितलं. गुणाची आहे हो तुमची पोर, असं गिंका म्हणत होती. आपल्या मुलानं, ओग्न्याननं, तर टोपी आपल्याच अंगावर फेकली असती, म्हणाली. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले. गिंकानं ओळख वाढावी म्हणून घेतला. हिच्यावर नजर असलेली बरी, म्हणून नेवेनानं घेतला.

त्या संध्याकाळी बंद दाराबाहेर उभं राहून नेवेनानं आवाज घोगरा केला, 'स'वर शीळ घातली आणि म्हणाली, "सूप संपायच्या आत ये." दार लगेच उघडलं.

"आई, घसा बसला का तुझा? उद्या ड्युटी आहे ना?" रादिनानं विचारलं आणि स्वतःच चहाचं पाणी ठेवायला गेली. पोर बाहेर आली म्हणून नेवेनाला बरं वाटलं. पण बाहेर आली ती त्या बाईच्या आवाजाला, हा सल रात्रभर राहिला.

आठवड्यानं गिंकाचा फोन आला. ओग्न्यान दाताच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. दोन महिने त्याच्या मागं लागून ती थकली होती. तुम्ही सांगून बघा ना, म्हणाली. ओग्न्यान फोन घेऊन आपल्या खोलीत गेला आणि नेवेनानं त्याला दोन वाक्यं सांगितली. तो म्हणाला, "हो काकू, गुरुवारी जातो," वर स्टेशनातल्या आवाजाची मजेदार नक्कलही करून दाखवली. नेवेना मनापासून हसली.

मग फोन पुन्हा गिंकाकडे आला.

"तुमच्याशी हसला का हो तो?" तिनं विचारलं.

हा प्रश्न कुठून आला, ते नेवेनाला चांगलंच ठाऊक होतं.

"छे," ती म्हणाली. "हसतोय कुठला. कुरकुरतच होता. मीच हसले. गुरुवारी जातो म्हणालाय, पण तुम्ही बरोबर जा."

"असंच करतो बघा तो," गिंका म्हणाली आणि तिचा आवाज मोकळा झाला. आता मीही तुमच्या रादिनाशी बोलते, अभ्यासाचं वगैरे सांगते, द्या तिला फोन, म्हणाली.

रादिना पलीकडेच टेबलाशी बसून चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा खात होती.

"ती घरात नाही," नेवेना म्हणाली आणि फोन ठेवला.