मल्हारीचे पाच टोले

“पळणं न्हाई, घाम न्हाई, अंगाला अंग न्हाई. ह्याला खेळ काहून म्हणायचं?” मी विचारलं, आणि कुरुंद्याच्या माळावर जमलेली चार माणसं माझ्या बाजूनं हसली.

मल्हारी हसला नाही. हातातल्या गंजक्या गोल्फच्या काठीवर रेलून तो आपल्या मेंढरांकडे बघत राहिला.

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून गावातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. मी खेळाचा मास्तर, यादी माझ्याकडे आणि यादीत पहिलं नाव माझंच. वसमतला शेवटच्या चढाईत गडी मारून मी कबड्डीची तालुक्याची ढाल आणली होती. मल्हारीचं नाव घेऊन आली ती त्याची बायको कौशल्याबाई. तो वीस वर्षं पुण्यात एका गोल्फच्या मैदानावर साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. सोमवारी मैदान बंद असलं की कामगारांना खेळू देत. तेवढ्या सोमवारांवर तो खेळ शिकला आणि कामगारांच्या स्पर्धेत एकदा पहिला आला.

“गाव म्हणतंय, मल्हारीनं पुण्यात हमाली केली,” ती म्हणाली होती. “वीस वरीस मी एकलीनं मेंढरं राखली, सर. ते तिकडं खेळाडू बी व्हते, येवढं एकदा माईकवर म्हणा. दुसरं काई नको.”

मला ते खूळ वाटलं. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी परीक्षा लावली. लिंबाच्या बुडाशी वाटीएवढा खड्डा करायचा आणि दोनशे पावलांवरून चार टोल्यांत चेंडू त्यात घालायचा. जमलं तर नाव यादीत.

पहिल्या टोल्याला चेंडू दिसेनासा झाला आणि हसणारे माना उंचावून बघू लागले. दुसऱ्या टोल्याला तो तरवडाच्या झुडपात अडकला. तिसऱ्यानं चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. आता लेकरानंही तो आत ढकलला असता. कौशल्याबाईनं पदर तोंडाशी धरला.

मल्हारीनं काठी चेंडूमागे टेकवली आणि एकदम मागे सरला.

“हलला.”

“काय हलला?”

“काठी टेकवली अन् बॉल हलला. मपला एक टोला वाढला.”

“आमाला तर न्हाई दिसलं.”

“मला दिसलं ना, सर.” त्यानं चेंडू अलगद आत घातला. “पाच झाले.”

“अवो, कुनी इचारलं व्हतं का तुमाला?” कौशल्याबाई रडवेली झाली.

“तितं पंच मागं फिरत नसतोय,” तो तिला समजावल्यासारखं म्हणाला. “आपलं आपुनच सांगायचं. न्हाईतर मग कशाचा खेळ?”

मला वसमतचा तो सामना आठवला. त्या शेवटच्या चढाईत परतताना माझी टाच मैदानाच्या रेषेबाहेर पडली होती. पंच दुसरीकडे बघत होता. मी बाद होतो, हे मला कळलं होतं. समोरच्या संघातली, हट्टा गावची पोरं ओरडत राहिली आणि मी लोकांच्या खांद्यावर बसून गावात आलो. पुढे चौतीस वर्षं मी पोरांना तीच चढाई शिकवली.

घरी येऊन मी यादीत मल्हारीचं नाव लिहिलं.

सत्काराच्या दिवशी मी ते माईकवर मोठ्यानं वाचलं, “मल्हारी, गोल्फचे खेळाडू.” कुणी उठलं नाही. मग बायकांतून कौशल्याबाई पुढे आली.

“ते माळावर गेलेत. म्हणले, पाच झालते.” मी शाल पुढे केली तर तिनं हात मागे घेतला. “शाल नको, सर. तुमी म्हणलात, गावानं ऐकलं. बास.” आणि ती ताठ मानेनं जागेवर जाऊन बसली.

माझं नाव मुख्याध्यापकांनी घेतलं. टाळ्या खूप झाल्या. माईक माझ्या हातात होता. टाच बाहेर होती, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. मी नुसती मान हलवून खाली उतरलो.

मांडव रिकामा झाल्यावर शिपाई टेबल उचलायला आला, तेव्हा त्यावर दोन शाली उरल्या होत्या.