धाकट्या कोचची पाटी

माझ्यावर कधी कुणी बाराखडी गिरवली नाही, मित्रांनो, तरी मी पाटीच. हिरव्या रंगाची, दोन वीत लांब, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. माझ्या अंगावर पांढऱ्या रेषांनी बास्केटबॉलचं अख्खं मैदान रंगवलेलं आहे. वय विचाराल, तर तुमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांहून मी मोठी असेन.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका लहानशा गावी, शाळेच्या तळघरात माझा जन्म झाला. त्या शाळेची देखभाल एनार होव्हलंड नावाचे गृहस्थ करत. वर्गातले फळे रंगवून थोडा हिरवा रंग उरला होता आणि खेळाच्या हॉलमधल्या रेषा आखून थोडा पांढरा. प्लायवूडचा एक तुकडा त्यांनी तासला, घासला आणि त्या उरल्यासुरल्या रंगांतून मला घडवलं. त्यांची लेक आर्लिस शेजारी उभी होती. तिला नुकतीच कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून नोकरी लागली होती.

"अख्खं मैदान काढू की अर्धं?" एनारनी हसत विचारलं.

"अख्खं काढा, बाबा. आता अर्ध्यावर भागायचं नाही."

ही बापलेकीची जुनी थट्टा होती. तेव्हा आयोवातल्या शाळांत मुली सहा-सहा जणींचे संघ करून खेळत. तिघींनी बास्केट करायची, तिघींनी फक्त समोरच्यांना अडवायचं, आणि मधली रेष कुणीही ओलांडायची नाही. आर्लिस अडवणाऱ्यांतली. शाळेच्या चार वर्षांत तिने एकाही सामन्यात बास्केटच्या दिशेने चेंडू फेकला नव्हता. तसं करायला तिला परवानगीच नव्हती. कॉलेजातला खेळ मात्र पाच जणींचा आणि अख्ख्या मैदानाचा होता. तो तिने माझ्यावर खडूने फुल्या आणि बाण काढून काढून, स्वतःच स्वतःला शिकवला.

संघाची मुख्य प्रशिक्षक होती नॅडीन प्रुइट. केंटकीहून आलेली, उंच, खणखणीत आवाजाची. ती हसली की हॉलच्या दुसऱ्या टोकाला झाडू मारणारा माणूससुद्धा हसायचा. वयाने ती आर्लिसहून दोन वर्षांनी लहान, पण हुद्द्याने मोठी. म्हणून मुली तिला थोरल्या कोच म्हणत आणि आर्लिसला धाकट्या कोच.

"बघ गं आर्लिस, बसल्या बसल्या तुला तरुण करून टाकलं मी," नॅडीन म्हणायची.

धाकट्या कोचचं काम काय असतं, ते मी जवळून पाहिलं. बर्फातून तीन-तीन तास गाडी हाकत एखाद्या खेड्यातल्या शाळेत जायचं आणि तिथली उंच मुलगी आपल्या कॉलेजात येईल का, हे तिच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून विचारायचं. समोरच्या संघाच्या सवयी टिपायच्या. बस ठरवायची, हॅमची सँडविचं बांधून घ्यायची, मुलींचे घोटे पट्टीने आवळायचे, कोण वर्गाला दांडी मारतंय ते शोधायचं, कुणाला घरची आठवण येऊन रडू येतंय ते ओळखायचं. आणि सामन्यात शेवटच्या मिनिटांत नवा डाव सुचला, की तो माझ्यावर काढून नॅडीनच्या हाती द्यायचा. नॅडीन मैदानावरची नजर न हटवता नुसता हात मागे करायची. "आर्लिस, पाटी!" पुढच्या क्षणी मी तिच्या हातात असायची.

डाव आर्लिसचा आणि आवाज नॅडीनचा, असं सात वर्षं छान चाललं. आर्लिसला त्यात उणं काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

आठव्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, आमच्या संघात लोरेटा किम्ब्रो होती. वॉटर्लू शहरातली, तिसऱ्या वर्षाची मुलगी. तिलाही आर्लिसनेच शोधून आणलं होतं. लोरेटा चेंडू घेऊन निघाली, की समोरच्या मुली दार उघडावं तशा बाजूला व्हायच्या. तिच्या जिवावर आमचा संघ पहिल्यांदाच विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला. तो जिंकला, तर देशाच्या स्पर्धेत जायचं होतं. सामना शनिवारी, आमच्याच हॉलमध्ये होता.

गुरुवारच्या सरावात लोरेटा उडी मारून खाली आली आणि क्षणभर थांबली. कुणाला कळलं नाही. सराव संपल्यावर ती आर्लिसकडे आली. आर्लिस पट्ट्यांची गुंडाळी आवरत होती आणि मी तिच्या मांडीवर होते.

"कोच, माझा गुडघा जागचा सरकल्यासारखा होतोय."

"दुखतोय?"

"दुखण्याचं काही नाही हो. पण पाय माझा नसल्यासारखा वाटतो." तिने आवाज खाली आणला. "थोरल्या कोचना तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, सामना आला आणि ही घाबरली."

"सांगते," आर्लिस म्हणाली. "तू काळजी करू नकोस."

आर्लिस खरंच लगेच नॅडीनच्या खोलीत गेली. नॅडीन फोनवर होती. तिची आई केंटकीहून सामना पाहायला यायला निघणार होती. फोन ठेवून नॅडीन वळली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "अगं, माझी आई येतेय! मुलींनी कसलं खेळायचं, म्हणायची. तीच आई येतेय!"

आर्लिस दारातच उभी राहिली. मला तिने छातीशी धरलं होतं, म्हणून तिच्या काळजाचे ठोके मला कळत होते.

"नॅडीन, लोरेटा जरा... जरा थकलीय."

"आपण सगळ्याच थकलोय, बाई! शनिवारनंतर आठवडाभर झोपू."

आर्लिस हसली आणि बाहेर आली. गुडघा हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

शनिवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. सहा मिनिटं उरली असताना आम्ही एका गुणाने मागे होतो. लोरेटा पळता पळता अडखळली, सावरली आणि तिने आमच्या बाकाकडे पाहिलं. नॅडीनकडे नाही, आर्लिसकडे. तेवढ्यात नॅडीनने खेळ थांबवायला सांगितलं. मुली धापा टाकत येऊ लागल्या.

तेव्हा आर्लिसने खडू उचलला. माझ्यावर डाव नाही काढला तिने. मधल्या रेषेवर भराभर लिहिलं: 'लोरेटाचा गुडघा. हिला बसव.'

नॅडीनने हात मागे केला. "आर्लिस, पाटी!"

आर्लिस क्षणभर थांबली. मग स्वेटरच्या बाहीने तिने ते शब्द पुसले आणि मला पुढे केलं.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला ते शब्द धरून ठेवता आले असते तर! पण पुसलेलं धरून ठेवायची ताकद पाटीत नसते. नॅडीनने माझ्यावर डाव काढला. डाव लोरेटाचाच होता. दोन मुलींमधून आत शिरायचं, उडी घ्यायची आणि चेंडू टाकायचा. लोरेटाने तसंच केलं. चेंडू आत गेला. ती खाली आली ती उभी राहिलीच नाही. ती ओरडली तो आवाज त्या सगळ्या गोंगाटातूनही मला ऐकू आला.

आम्ही तो सामना जिंकलो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात नॅडीनच्या हातात मी होते. पुढे तो फोटो चौकटीत घालून हॉलच्या दाराशी लावला. येणारेजाणारे बोट दाखवून म्हणत, हीच ती पाटी. माझं आयुष्यभरातलं सगळं कौतुक त्याच एका दिवसाचं आहे. ते मला कधी गोड लागलं नाही.

सोमवारी आर्लिस इस्पितळात गेली. मी तिच्या पिशवीत होते.

"तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?" लोरेटाने विचारलं.

आर्लिसने तिच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "हं."

एवढंच. हं.

"मग माहीत असून खेळवलं त्यांनी मला," लोरेटा म्हणाली. संध्याकाळी नॅडीन फुलं घेऊन गेली, तर लोरेटाच्या आईने तिला दारातूनच परत पाठवलं. नॅडीनला वाटलं, आईचं मन आहे, रागावणारच. खरं कारण तिला तेव्हा कळलंच नाही.

दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण लोरेटा पुन्हा खेळू शकली नाही. शिक्षण अर्धवट टाकून ती वॉटर्लूला परत गेली. आर्लिसने तिला पत्रं लिहायला घेतली आणि फाडली. एकदा गाडी घेऊन तिच्या घरापर्यंत गेली, समोर थांबली आणि इंजिन बंद न करताच माघारी फिरली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात साउथ डकोटातल्या एका कॉलेजने आर्लिसला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. नॅडीनच तिच्या मागे लागली, "जा गं! किती दिवस माझ्या हातात पाट्या देणार आहेस?" आर्लिस गेली नाही. लोक म्हणाले, काय ही निष्ठा! मी मात्र तिला रिकाम्या हॉलमध्ये पुटपुटताना ऐकलं आहे. "थोरलं व्हायचं तर बोलावं लागतं. मला कुठे बोलता येतं?"

वर्षं गेली. नॅडीन निवृत्त होऊन केंटकीला गेली. तिच्या जागी बाहेरून एक तरुण प्रशिक्षक आला. माणूस सभ्य होता, पण त्याचे डाव संगणकावर असत. आर्लिसकडे चेंडू-जर्सींच्या कोठीचं काम आलं आणि मी तिथल्या कपाटात, फुटक्या प्लॅस्टिकच्या शंकूंमागे जाऊन पडले. खडूचा स्पर्श नाही, कुणाची हाक नाही. चार-पाच वर्षं मी अंधारात काढली.

मग हॉल पाडायचा ठरला. जुन्या खेळाडूंना निरोप गेले, या आणि आठवण म्हणून हवं ते घेऊन जा. आर्लिसने कपाट रिकामं करून सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या. एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. केसांत थोडी चांदी, चालताना एक पाय किंचित ओढणारी.

"ओळखलंत का, कोच?"

आर्लिसच्या हातातली जर्सी खाली पडली. "लोरेटा."

लोरेटाने पुढे शिक्षण पूर्ण केलं होतं. वॉटर्लूमधल्या एका शाळेत ती मुलींना बास्केटबॉल शिकवत होती. "तुमच्यासारखीच सगळी कामं करते," ती हसून म्हणाली. "घोटे बांधते, डबे बांधते, रडणारीला घरी सोडते. तुम्ही माझ्या बाजूने बोलला होतात, हे मी कधी विसरले नाही. त्या दुसऱ्या बाईंचं तोंड मात्र मला पाहायचं नाही. दर नाताळला पत्र येतं त्यांचं. एकही उघडलं नाही मी."

आर्लिस स्टुलावर बसली. मला वाटलं, आताही ती हं म्हणेल.

"मी सांगितलं नव्हतं, लोरेटा."

"काय?"

"गुडघ्याचं. थकलीय म्हणाले मी. सामन्यात या पाटीवर लिहिलं होतं आणि नॅडीनने हात मागे केल्यावर पुसलं. इस्पितळात तुझ्याशी खोटं बोलले. नॅडीनला काहीच माहीत नव्हतं. आजही नाही."

लोरेटाने मला उचलून उजेडात धरलं. माझ्यावर काहीही नव्हतं.

"एकवीस वर्षं," ती सावकाश म्हणाली. "एकवीस वर्षं मी भलत्याच बाईवर राग धरला. आणि तुम्ही धरू दिलात?"

"हो."

"का, कोच?"

"कारण तुझ्या लेखी मी तरी चांगली होते."

लोरेटाने भिंतीवरच्या फोनकडे बोट केलं. "त्यांचा नंबर पाठ आहे?"

आर्लिसला तो पाठ होता. तरी तो दाबताना ती दोनदा चुकली. मग तिने नॅडीनला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, गुरुवारपासून इस्पितळापर्यंत. पलीकडून एकच वाक्य आलं. मग तिने रिसीव्हर लोरेटापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

"हो, कोच," लोरेटा म्हणाली. "नाही, उघडली नाहीत... टाकली नाहीत हो, सगळी आहेत. बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत." आणि मग ती मोठी बाई भिंतीकडे तोंड करून लहान मुलीसारखी रडली.

फोन ठेवल्यावर आर्लिसने विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही," लोरेटा म्हणाली. थोड्या वेळाने तिने मला काखेत मारलं आणि ती निघाली. निरोपाचा शब्द ती बोलली नाही.

नॅडीनने आर्लिसला पुन्हा कधी फोन केला की नाही, ते मला ठाऊक नाही. एका शनिवारी लोरेटाच्या शाळेचा सामना होता, तेव्हा सगळ्यात वरच्या बाकावर एक पांढऱ्या केसांची बाई एकटी बसलेली मी पाहिली; ती आर्लिस होती. लोरेटाने खालून मान हलवली. सामना संपल्यावर वर पाहिलं, तर बाक रिकामा होता.

आता माझ्यावर डाव काढत नाहीत. लोरेटाने मला कपडे बदलायच्या खोलीत टांगलं आहे आणि शेजारी दोरीला खडू बांधला आहे. सरावाआधी ज्या मुलीला जिथे दुखत असेल, तिने ते लिहायचं, असा नियम आहे. घोटा. अंगठा. पाठ. एकदा एकीने मस्करीत 'गणित' लिहिलं. सगळ्या हसल्या.

मागच्या महिन्यात बारा वर्षांच्या एका गप्प मुलीने सगळ्या बाहेर गेल्यावर खडू घेतला. माझ्या अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तिने एकच शब्द लिहिला: 'घरी.'

लगोलग तिने हाताचा तळवा माझ्यावर टेकवला, पुसायला. तेवढ्यात लोरेटा आत आली. तिने मुलीच्या हाताखालून डोकावून वाचलं. शिट्टी काढून खिशात ठेवली, त्या दुखऱ्या पायासकट जमिनीवर बसली आणि म्हणाली, "ये गं, बस इथे. सरावाला उशीर झाला तर होऊ दे. मी वाचलंय. आता सांग."

मित्रांनो, मला जपा, माझा टवका बुजवा, असं माझं काही मागणं नाही. लाकूड आहे मी, आज ना उद्या कुजायचीच. एवढंच मागते, की तुमच्या शेजारी कुणी असं बारीक अक्षरात काही लिहीत असेल, तर ते पुसलं जायच्या आत वाचा. आणि मोठ्याने वाचा.