सासूबाईंचा उशिरा वाजणारा ड्रम

सून ज्या कंपनीत होती तिथे संगणकावर ड्रम वाजवायचं सॉफ्टवेअर बनायचं. टेबलावरच्या रबरी पॅडवर काठी मारायची, आवाज हेडफोनमधून यायचा. शेजाऱ्यांना ताप नाही. नवीन आवृत्ती तपासायला म्हणून तिनं एक संच घरी आणला आणि सासूबाईंनी तो ताब्यातच घेतला. शाळेत मुलांकडून कवायत करून घेण्यात हयात गेलेली बाई. ताल अंगात मुरलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी काठ्या खाली ठेवल्या. "अगं, तुझा ड्रम आळशी आहे. मी मारते आत्ता, हा वाजतो सावकाश."

सुनेला ते झोंबलं. आवाज उशिरा येऊ नये यासाठी तर ती महिनोन्‌महिने डोकं फोडत होती! तिनं स्वतःचे हेडफोन लावून वाजवून पाहिलं. "आई, बरोबर तर येतोय."

"मग माझे कान खोटं बोलतात का?"

दुसऱ्या दिवसापासून सून पदर खोचून कामाला लागली. संगणक आवाज थोडा साठवून मग सोडतो. ती साठवण तिनं निम्म्यावर आणली. सासूबाई म्हणाल्या, "उशीरच." आणखी कमी केली, तर ड्रमऐवजी कढईत लाह्या फुटल्यासारखा तडतडाट सुरू झाला. "आता उशीर तर आहेच, वर खोकलाही लागलाय ह्याला," सासूबाई म्हणाल्या.

सून रडकुंडीला आली. चिडून तिनं सासूबाईंच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानांना लावले आणि पॅडवर एक दणका दिला. धप्प! काठी वर उचलल्यावर आवाज आला.

तिचे स्वतःचे हेडफोन वायरचे होते. हे बिनवायरचे. वायरीशिवाय आवाज पाठवायला आणि इथे पुन्हा उलगडायलाच वेळ जात होता, आणि ती मात्र बिचाऱ्या संगणकाला धारेवर धरून बसली होती.

"आई, हे वापरू नका ना."

"वा! लेकानं एवढ्या हौसेनं आणलेत. त्याला काय वाटेल?"

बऱ्याच वाटाघाटी झाल्या. वाजवताना वायरचे कानांवर, लेकाचे गळ्यात, असं ठरलं.

सुनेनं साठवणही जागेवर आणली. आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण सासूबाई प्रत्येक ठोका तालाच्या आधी मारू लागल्या! आवाज उशिरा येतो म्हणून इतके दिवस हात आधीच टाकायची सवय लागली होती.

"बिघडवलंस बघ," त्या हताशपणे म्हणाल्या.

सून शेजारी बसून टाळ्यांनी ताल देऊ लागली. तिचा ताल इतका गचाळ, की सासूबाईंना हसू आवरेना. शेवटी त्यांनीच मोठ्यानं "एक, दोन, तीन, चार" म्हणायला घेतलं, आणि सुनेचे हात मुकाट्यानं त्यांच्या मागे चालू लागले. हळूहळू ठोकाही जागेवर पडायला लागला. सासूबाईंचा चेहरा उजळला. न थांबता त्यांनी अख्खा ठेका वाजवून काढला.

सुनेनं निःश्वास सोडला. "आता खूश ना?"

"हो, हो. फक्त त्या कडेच्या पॅडवरची झांज जरा पत्र्यासारखी वाजते, नाही?"

सुनेनं कपाळाला हात लावला आणि खुर्ची संगणकाजवळ ओढली.