आर्मवाल्याची पिन

दर रविवारी सकाळी क्लबातली ही वयस्क मंडळी बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात जमायची, पिशव्यांतून आपापल्या रिमोटच्या रेसिंग गाड्या काढायची आणि नातवंडांनाही लाज वाटेल अशी भांडायची. गाड्या त्यांच्या तरुणपणातल्या. सुटे भाग मिळणं कधीच बंद झालेलं, त्यामुळे एकेक स्क्रू जिवापाड जपलेला. आर्मवाला मात्र निर्धास्त असे. चाकाला गाडीच्या चासीशी, म्हणजे सांगाड्याशी, जोडतो तो सस्पेन्शनचा आर्म कंपनीने प्लॅस्टिकचा दिला होता आणि पहिल्याच धडकेत तो काडीसारखा मोडायचा. याने ऐन उमेदीत, लेथवर कामाला असताना, तो ॲल्युमिनियमचा बनवला आणि जवळजवळ अख्ख्या क्लबला बसवून दिला. तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं. मोडकी वस्तू दिसली की या माणसाला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटे. ती पुन्हा कधी मोडणार नाही अशी करून दिल्याखेरीज त्याला घास गोड लागत नसे.

त्या रविवारी त्याने माळ्यावरची लाल गाडी बऱ्याच वर्षांनी बाहेर काढली होती. जुन्या रबराचा आणि शॉकॲब्सॉर्बरमधल्या तेलाचा वास नाकात गेला आणि गडी तिथेच विरघळला. पहिल्या वळणावर गाडीने आतलं चाक उचललं, अगदी पूर्वीसारखं, आणि त्याच्या तोंडून शीळ निघाली. दुसऱ्या वळणावर ती सरळ भिंतीत घुसली.

“आर्म बघा, आर्म!” तो धावत जाऊन ओरडला. “ओरखडा तरी आहे का?”

आर्मला खरंच काही झालं नव्हतं. पण गाडी उचलली तशी तिचं नाक खाली लोंबलं. चासी पुढून थेट मध्यापर्यंत फाटली होती. तसली चासी आता जंग जंग पछाडलं तरी मिळणार नव्हती.

त्याचा जुना प्रतिस्पर्धी जवळ आला. त्याला सगळे डिंक्या म्हणत, कारण तो आयुष्यभर प्लॅस्टिकचेच आर्म वापरत आला होता आणि मोडले की चिकटवत बसायचा. आज तो टोमणा मारेल असं सगळ्यांना वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, “तुझे आर्म कधीच मोडले नाहीत रे. माझे किती मोडले त्याची गणतीच नाही. पण माझी चासी अजून पहिलीच आहे. अरे, तो मोडण्यासाठीच असतो. तोच मोडला नाही, तर धक्का जाणार कुठे? मागच्या कुणाच्या तरी जिवावर बेतणारच ना?”

आर्मवाल्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते द्यायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला भलतंच काही आठवलं.

मुलीची बेकरी. तिथल्या पीठ मळायच्या मशीनच्या गिअरमध्ये बोटाएवढी पितळेची पिन होती. काही अडकलं की ती मोडायची आणि पातं जागच्या जागी थांबायचं. “बाबा, परत मोडली हो,” असा मुलीचा फोन आला की याचं डोकं सणकायचं. शेवटी गेल्या आठवड्यात त्याने पितळेची पिन काढून कडक पोलादाची बसवली. “आता तुझ्या नातवंडांनाही बघायला नको,” असं वर ऐटीत सांगितलं. आणि या पोरीला मशीन चालू असतानाच हाताने कडेचं पीठ खरवडायची खोड! कानीकपाळी ओरडूनही ती गेली नव्हती. मागे एकदा तिची बाही पात्यात सापडली, तेव्हा पिन मोडली म्हणून फाटक्या बाहीवरच निभावलं होतं. त्यावर सगळे हसले होते. तोही हसला होता.

त्याने फोन लावला. तिने उचलला नाही. पिठाचे हात असले की ती उचलतच नसे, हे ठाऊक असूनही त्याने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. फाटकी गाडी तिथेच टाकून त्याने स्कूटर काढली. रस्त्यावर लोक निवांत चालले होते आणि त्याला त्या सगळ्यांचा राग येत होता.

बेकरीत मशीन घरघरत होतं आणि मुलीचा हात कोपरापर्यंत भांड्यात होता. त्याने धावत जाऊन बटण बंद केलं.

“बाबा! जीव घेता का माझा?” ती दचकून ओरडली.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने गिअरचं झाकण उघडलं. आत पितळेची पिन होती. त्याचा जीव भांड्यात पडला. तो पिठाच्या पोत्यावर बसला, हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“पोलादाची कुठे गेली गं?”

“ती होय! ह्यांनी काढून नेली, इथे परत पितळेची बसवली. मोठ्या भावजींच्या बेकरीतलं मशीन आपल्या दुप्पट आहे, पण पिन एकाच मापाची. तिथेही सारखी मोडते ना, म्हणून आज तिकडे मदतीला जाताना घेऊन गेले. म्हणाले, तुझ्या बाबांच्या हाताला तोड नाही.”

जावयाने फोन लगेच उचलला. मागे मोठ्या मशीनचा आवाज होता.

“बाबा, शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला! आत्ताच दादाजवळ तुमचं नाव काढलं. पिन म्हणजे काय पिन हो! सकाळपासून एकदासुद्धा थांबलं नाही मशीन. हे बघा, आत्तासुद्धा एका हाताने पीठ काढतोय नि—”

“हात बाहेर काढा! आधी हात बाहेर काढा!”

“काय म्हणालात? ऐकू येत नाही. थांबा हं, ही बाही—”

मोटरचा आवाज एकदम जड झाला. आर्मवाल्याने फोन कानाशी दाबून धरला आणि पिन मोडल्याच्या आवाजाची वाट पाहिली.

“काय म्हणतायत हे?” मुलीने हात पुसत विचारलं.

फोनमध्ये मशीन चालूच होतं.