कडक इस्त्रीची छत्री

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी पॅराशूटची पिशवी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. आत पॅराशूट होतं, पण चौकोनी घडीचं, कडक इस्त्री केलेलं, एखाद्या बड्या साहेबाच्या शर्टासारखं.

आमच्या घरात असला उद्योग करणारं एकच माणूस आहे. बायकोचं इस्त्रीचं दुकान आहे आणि तिच्या तावडीतून हातरुमालसुद्धा सुटत नाही. पण लेकीच्या गाडीच्या वस्तूला तिनं आजवर बोट लावलं नव्हतं. आमची भिंगरी शर्यतीची गाडी चालवते, हे तिला कधी पटलंच नाही. गाडीचा विषय निघाला की ‘ते तुमचं’ म्हणून ती उठून जायची. शर्यत बघायला तर एकदाही आली नव्हती.

पॅराशूट बांधायचं काम माझं. घरात त्याला आम्ही छत्री म्हणतो. भिंगरी शेवटची रेघ ओलांडते त्या वेगाला नुसते चाकांचे ब्रेक पुरत नाहीत, तापून निकामी होतात. म्हणून ती दांडा ओढते, मागे छत्री उघडते, छत्री हवेला अडवते आणि हवा गाडीला. छत्री फाटली तर गाडी थांबायच्या आत धावपट्टी संपते आणि पुढे दगडी बांध आहे.

मी तशीच पिशवी उचलून दुकानात गेलो. “हे काय करून ठेवलंस?”

“काल दोरीवर वाळत होती, घेतली करून,” ती शर्टावरून नजर न काढता म्हणाली. “अहो, सगळ्या लोकांसमोर उघडणार ना ती? आई इस्त्रीवाली आणि पोरीची छत्री चुरगळलेली? बरं दिसतं का?”

“अगं, नायलॉन आहे ते! गरम इस्त्रीनं जीव जातो त्याचा.” कापडावर एक चकचकीत डाग पडला होता. तिथं मी दोन्ही हातांनी ताण दिला. टर्रकन फाटलं.

तिनं इस्त्री उभी ठेवली, तेवढं भान तिला होतं. मग मटकन स्टुलावर बसली. “म्हणजे मी आज माझ्या हातानं तिला...” माझा राग कुठल्या कुठे गेला.

भिंगरी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत येऊन तिनं ते फाटलेलं कापड हातात घेतलं.

“आई, तू माझ्या छत्रीला इस्त्री केलीस?”

“चुकलं गं माझं.”

“अगं, पण तू हात लावलास!” कार्टी हसत होती आणि डोळे पुसत होती. “बाबा, मागच्या वर्षीची जुनी आहे ना? तिची घडी आई घालेल.”

“मी नाही बाई.”

“मग मी गाडीत बसत नाही.” हट्टीपणा आईकडूनच आलाय.

मैदानावर मी दोऱ्या धरल्या आणि बायको घडी घालू लागली. जुनी छत्री, रंग उडालेला, दोन ठिगळं. तिचा तळहात सारखा कापड चोपायला जायचा.

“चोपू नकोस. सैल राहू दे, तिला बाहेर यायचंय.”

“कळतंय मला,” ती खेकसली. घडी झाल्यावर मी सगळं एकदा तपासलं. कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

आम्ही पट्टीच्या शेवटाकडे उभे राहिलो. गाडी सुटली तशी बायकोनं माझं कोपर गच्च धरलं आणि डोळे मिटले. गाडी रेघेपार झाली. मागे काहीच नाही.

“उघडली का हो?”

“अजून नाही.”

मग स्प्रिंगवरची छोटी छत्री टुणकन बाहेर उडाली, तिनं मोठीला ओढलं आणि फट्ट आवाज झाला. गाडीला मागून कुणीतरी धरावं तसा तिचा वेग पडत गेला.

“बघ आता!”

तिनं डोळे उघडले. छत्री हवेनं टम्म भरली होती.

“अहो, एकसुद्धा सुरकुती नाही हो,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

बांधाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली. छत्रीतली हवा गेली आणि ती मातीत बोळा होऊन पडली. बायको पळत सुटली. मला वाटलं, आता ही आधी कापड उचलून झटकणार. पण ती छत्रीवर पाय देत, ती तुडवत, सरळ भिंगरीकडे गेली.