शेवटून वाचणारी वाडी

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षर तुम्हाला पटायचं नाही. वेल्ह्याला पटलं नाही, भोरला तर लोक चहा अर्धा टाकून उठून गेले. तुम्ही निदान गाडी सुटेपर्यंत बसा. गोरख ड्रायव्हर तोंडावर टोपी टाकून कट्ट्यावर आडवा झालाय, म्हणजे घाई नाही.

तर पासलीच्या वरच्या वाडीत शुभांगीबाई शिकवायला आल्या. बाई भोंगवलीकडच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. भातलावणी त्यांनी पाहिली ती एसटीच्या खिडकीतनं. वर्गातली पोरं भराभर लिहायची आणि चुका त्याहून भराभर करायची. "परत वाचा, चुका शोधा," म्हटलं की घडाघडा वाचून मोकळी, "एक पन न्हाई बाई." बाईंना कळेना, पानभर चुका आणि या पोरांना दिसत कशा नाहीत? मग ध्यानात आलं. आपण काय लिहिलंय ते पोरांना पाठच असतं. डोळा पुढं पळतो, चूक मागं राहते.

केंद्रप्रमुख सर्जेराव साहेबांचा तोडगा ठरलेला: चुकलेला शब्द शंभरदा लिहून घ्या. बाईंच्या अंगावर काटा आला. लहानपणी शंभरदा लिहून त्यांचंच बोट वाकडं झालं होतं. त्या नको म्हणाल्या. साहेब म्हणाले, "सोमवारी येतो. तुमच्या पद्धतीनं जमलं तर तुमचं खरं. नाहीतर शंभरदा."

बाईंनी पोरांना सांगितलं, "शेवटच्या शब्दापासून वाचायचं. एकेक शब्द सुटा बघत मागं यायचं. भात लावताना तुमच्या आया सरकतात ना मागं, तसं."

हे मात्र पोरांना कळलं. नको इतकं कळलं.

चुका पटापट सापडायला लागल्या, पण पोरं थांबेनात. प्रेरणा घरी जाऊन आजीला म्हणाली, "दे तूप चमचाभर वर भाताच्या." ठकुबाईनं गोंधळून आधी तूप वाढलं आणि त्याच्यावर भात. पोरं शाळेत पाठमोरी यायला लागली. त्यांचं बघून शेळ्या दिवेलागणीला रानात निघाल्या आणि उजाडताना घरी आल्या. खुद्द बाईंनी एका सकाळी चहा आधी गाळला, मग उकळला. आपण काय शिकवलं आणि हे काय उगवलं, त्यांना उलगडेना.

सोमवारी साहेब आले. त्यांनी फळ्यावर मुद्दाम चुका घालून एक गोष्ट लिहिली. पोरांनी खालून वर जात एकूण एक चूक धरली. साहेब खूश. "आता सांगा, गोष्ट काय आहे?"

सम्राट उठला. "एक मानूस घरी पोचतो. मग राजगडाच्या वाटंला चुकतो. मग घरनं निघतो."

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. "बाई, शब्द सुधारले, गोष्ट बिघडली. उद्यापासून शंभरदा."

बाई प्रेरणाकडं वळल्या. "अगं प्रेरणा, चुका सापडल्या की सरळ वाचायचं ना?"

"कसं वाचावं बाई? टाचंला बांध कुठं लागलाय?"

"बांध?"

"लावनीत बांध लागल्याबिगर कुनी ताठ हुतं व्हय? तुमी मागं सरका म्हनलात. बांध कुठं हाय ते सांगितलंच न्हाई."

बाईंनी खडू उचलला आणि पहिल्या शब्दाच्या आधी, वर, जाड रेघ ओढली. "हा बांध."

सगळ्या वर्गानं कंबर सरळ केली, हुश्श केलं आणि वरून खाली गोष्ट वाचली. माणूस घरनं निघाला, वाट चुकला, घरी पोचला. साहेब म्हणाले, "शंभरदा राहू द्या."

पोरं सुटली, बाई सुटल्या, शेळ्या ताळ्यावर आल्या. पण साहेबांना कुठं बांध लागला होता? ते पाठमोरेच एसटीत चढले. कंडक्टरनं आधी तिकीट फाडलं, मग विचारलं कुठं जायचं. आणि गाडी जी उलटी निघाली, ती सगळी वळणं मागच्या मागं घेत थेट वेल्ह्याच्या स्टँडात.

तेवढ्यात तोंडावरची टोपी न काढताच गोरख मला म्हणाला, "चिमाजीनाना, त्या गाडीवर म्याच व्हतो. तिचा रिव्हर्स दिवाळीपासनं पडत न्हाई. मागं घ्यायची म्हनलं की तुमीच ढकलता की रोज."