आजचं पाणी

चार टाक्या माझ्या ताब्यात. पहिलीत आजच्या समुद्रासारखं पाणी, दुसरीत गरम, तिसरीत आम्लधर्मी, आणि चौथीच्या नशिबी दोन्ही भोग. आत खोल, अंधाऱ्या, थंड समुद्रातलं प्रवाळ. वाढ किती, तर वर्षाला नखाएवढी! दर पंधरवड्याला एकेक फांदी दोऱ्याला टांगून पाण्यातच तोलायची. बाहेरची हवा त्यांना सोसत नाही.

चौथीतली सगळी गेली. बुडं ठिसूळ होऊन बिस्किटासारखी मोडली. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते.

"मॅडम, दुसरीचं तापमान एक अंश तरी उतरवू द्या ना!"

"मग प्रयोग कसला?" मॅडम म्हणाल्या. खरंच होतं ते, म्हणून जास्तच राग आला.

माझा सगळा जीव पहिल्या टाकीत. आमचे हे संशोधनाच्या जहाजावर क्रेन चालवतात. बारा वर्षांपूर्वी ही प्रवाळं यांनीच वर काढली. प्रयोग संपला की पहिल्या टाकीतली परत त्याच जागी सोडायची, असा मॅडमचा शब्द होता.

"लेकी सासरी निघाल्यात जणू," हे चिडवायचे.

"सासरी नाही, माहेरी!"

काल जहाज परतलं. एरवी यांचं आधी जेवण, मग बायको. काल बूटही न काढता थेट प्रयोगशाळेत आले. यांनी त्या जागेची नवी मोजणी मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि पहिल्या टाकीच्या आकड्यांशी ताडून पाहिली. पहिली टाकी आम्ही प्रवाळं काढली त्या दिवशीच्या आकड्यांवर लावली होती. नंतर या फेरीपर्यंत जहाज तिकडे फिरकलं नाही, आणि आकडे बदलायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही. आता तिथलं पाणी जवळजवळ चौथ्या टाकीसारखं झालं होतं.

"खाली कॅमेरा सोडला," हे म्हणाले. "नुसता चुरा पडलाय गं."

"मग टाकीतल्यांना सोडायचं कुठे?"



मॅडम म्हणाल्या, "पहिल्या टाकीला आजची म्हणायचं, तर पाणीही आजचंच हवं."

मी अद्वातद्वा बोलले. मॅडमना बोलले, यांना बोलले. दोघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. समुद्राशी कोण भांडणार?

टाकी माझ्या ताब्यात, म्हणून पहिलीचं बटण नव्या आकड्यांवर मीच फिरवलं. मी जवळ गेले तशी प्रवाळांनी तोंडं उघडली. त्यांना वाटलं, खायला आणलं.